पिवळ्या तापाची सुई

आमच्याकडे सुई न देणाऱ्या डॉक्टरला कुणी डॉक्टर म्हणत नाही. एक शिकलेला, गोड बोलणारा पोरगा घोडेगावच्या रस्त्याला दवाखाना टाकून बसला होता. ताप आला की गोळ्या द्यायचा आणि पाणी उकळून प्या म्हणायचा. वर्षाच्या आत गाशा गुंडाळून गेला बिचारा. त्याच्या पलीकडचा सर्दीलासुद्धा सुई टोचतो, त्याच्या दारात चपला ठेवायला जागा नसते. म्हाताऱ्या बाया स्वतःच पदर सरकवून बसतात, "डाक्टर, एक सुई मारा, लई अंग मोडून आलंय." अशा गावात सुईला भिणारी बाई म्हणजे फुकटचा तमाशा. ती बाई मी.

भीती म्हणजे नुसती भीती नाही. सुईचं नाव काढलं की माझ्या कानात घूं होतं, तळहात ओले होतात, आणि समोर दिसली की मी आडवी. त्याला कारण आहे, पण ते ऐकायला कुणाला वेळ नसतो. तुम्ही ऐका. माझं माहेर पाथर्डीकडचं. आईबाप दर साली दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन ऊस तोडायला कारखान्यावर जायचे, मी त्यांच्याबरोबर. सात-आठ वर्षांची असेन. आमच्या कोप्यांच्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांच्या, मागं एक कुत्री व्यालेली होती. मी तिच्या पिलाला हात लावला आणि ती माझ्या पोटरीला डसली. तेव्हा कुत्रं चावलं की पोटात चौदा सुया घ्याव्या लागत, बेंबीभोवती, रोज एक.

रोज दवाखान्यात जायचं म्हणजे रोज तोड बुडायची. म्हणून आई आधी माझ्या दोन थोबाडीत द्यायची आणि मग खाकोटीला मारून न्यायची. टेबलावर आई हात धरायची, आमच्या टोळीचा मुकादम पाय धरायचा, आणि कंपाउंडर स्टोव्हवर उकळलेली सुई पोटात घालायचा. शंभर जणांना टोचून ती बोथटलेली असायची. पोट सुजून दगड झालं होतं, कालची जागा कुठली आणि आजची कुठली हे त्यालाही कळत नसे. मी ओरडले की मुकादम हसायचा. म्हणायचा, "ऊस वरडत न्हाई तोडताना, तू काय वरडतीस गं?" तो मेल्याचं कळलं तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही.

तेव्हापासून मी सुई चुकवत आले. पोटुशी होते तेव्हा नर्सबाई टीटीची सुई घेऊन यायची, मी ज्वारीत जाऊन बसायची. करोनात तर माझं भाग्यच उघडलं. तेव्हा अख्खं गावच लशीला घाबरलं, कुणी म्हणे माणूस मरतो, कुणी म्हणे वांझ होतो. सगळे शेतात पळाले, त्यांच्यात मीही पळाले, मला वेगळं कुणी ओळखलंच नाही. पुढं एकेकानं गुपचूप जाऊन घेतली. मी राहिले ती राहिलेच.

आमचे मालक हेडी आहेत. म्हणजे बाजारात गायी घ्यायच्या, विकायच्या, सौदा जुळवून द्यायचा, हा त्यांचा धंदा. घोडेगावचा बाजार भरला की पहाटेच टोपी चढवून निघतात. गाय बघितली की वेत किती, दूध किती, खोड कोणती, हे दात न बघता सांगतात. माणसातलं त्यांना काही कळत नाही. गोठ्यात आमच्या स्वतःच्या आठ-नऊ संकरित गायी आहेत, त्यांना सुया तेच मारतात, डॉक्टरला बोलावत नाहीत. त्या वेळी मी गोठ्याच्या आसपास फिरकत नाही. हे त्यांना ठाऊक आहे आणि म्हणून ते मुद्दाम हाक मारतात, "ए, जरा दावं धर गं!" मग ते आणि माझे धाकटे दीर खो खो हसतात.

आमची लेक एकुलती एक. जावई श्रीगोंद्याकडच्या एका कारखान्यात साखर शिजवायच्या पॅनवर होता, तिथून तो युगांडात एका साखर कारखान्यावर गेला. आपल्याकडची लई पोरं तिकडं आहेत. लेकही त्याच्यामागं गेली आणि दोन वर्षांनी फोन आला, दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. मी डिंक निवडायला घेतला. पण सहाव्या महिन्यात तिचं रक्तदाबाचं काहीतरी निघालं आणि तिथल्या डॉक्टरनं विमानात बसायचं नाही म्हणून सांगितलं. तिला सासू नाही. म्हणजे मीच जायला पाहिजे.

ती फोनवर म्हणाली, "आई, तू नक्की येशील ना? मला इथं लई भ्या वाटतं. तू जवळ असलीस म्हंजे मला काय बी होत न्हाई."

मी म्हणलं, "येडी का काय तू? पायी यीन."

पायी जायचं असतं तर मी खरंच निघाले असते. पण विमानानं जायचं, आणि त्या देशात पाय ठेवायचा तर पिवळ्या तापाची सुई घेतल्याचं कार्ड लागतं. कार्ड नाही तर विमानात घेत नाहीत. सुई घेतली की लगेचही जाता येत नाही, दहा दिवस थांबावं लागतं. जावयानं सगळं नीट समजावून सांगितलं. ही सुई पुण्याला मिळते, ठरलेल्या वारी, आधी नाव नोंदवायचं, तितक्याच माणसांना बोलावतात. त्यानं तिकडूनच माझं नाव नोंदवलं, तिकीट काढलं, सोबत म्हणून त्यांच्याच कारखान्यातल्या एकाची बायको जाणार होती. सगळं जुळलं होतं. सुई, दहा दिवस, विमान, आणि मग लेकीला दिवस भरायच्या आत पंधरवडाभर मी तिच्या उशाशी.

मी मालकांना सांगितलं. त्यांनी हातातला चहा बशीत सांडेपर्यंत हसून घेतलं. मग दिराला हाक मारून म्हणाले, "आयकलं का? तुझी वहिनी सुई घेनार हाय. आता सूर्य पश्चिमंला उगवतोय का बघ."

मला रडू आलं. मी म्हणलं, "अहो, लेकीचा सवाल हाय. मला जायचंय. काय तरी उपाय सांगा, हसता काय!"

इथंच माझं चुकलं. या माणसाला उपाय विचारला.

गायीला सुई कशी मारतात, हे ज्यानं बघितलं नाही त्याला सांगते. सुई जाड असते, बोटाएवढी लांब. ती उगाच खुपसली तर गाय लाथ घालते, माणूस जायबंदी होतो. म्हणून सुई बोटांच्या बेचक्यात धरायची आणि मुठीनं मानेवर थाप मारायची. एक थाप, दुसरी थाप, तिसरी थाप, आणि चौथ्या थापेला सुई आत. गायीला वाटतं, ही पण थापच आहे. आमच्या मालकांचा हात यात बसलेला आहे, बाजारात लोक त्यांना बोलावून नेतात. कालवडीला तर ते आधी आठ-आठ दिवस येता-जाता नुसत्या थापा मारून ठेवतात, म्हणजे तिला सवय होते आणि सुईच्या दिवशी ती हलत नाही.

"काय अवघड हाय?" मालक म्हणाले. "हिला बी सवय लावू."

मी बाहेर भांडी घासत होते. मागून येऊन दंडावर थाप! माझ्या हातातलं पातेलं उडालं. ते म्हणाले, "ही पैली." संध्याकाळी दिवा लावताना दुसरी. सकाळी दूध काढताना तिसरी. मग मोजणं संपलं. दीर यायचे, "वहिनी, औषध घ्या," म्हणून थाप मारायचे. जाऊबाई तोंडाला पदर लावून हसायच्या आणि पाणी आणताना कोपरानं ढोसायच्या. दुधाच्या गाडीवरचा माणूस आला तर त्यालाही सांगितलं, "मार रं एक, हिला आफ्रिकेला जायचंय." परका माणूस, तो कशाला हात लावील? पण हसला तोही. माझा डावा दंड काळानिळा पडला. मी चोळी बदलताना बघितलं की जीव जळायचा.

मी ओरडले, शिव्या दिल्या, दोन दिवस कालवणात मीठ टाकलं नाही. काही उपयोग नाही. म्हणे, "तुझ्याच भल्यासाठी करतोय ना!" आणि एक सांगते, त्या माणसाला खरंच तसं वाटत होतं. वाईट करायचं म्हणून करणारा माणूस निदान कधीतरी दमतो. भल्यासाठी करणारा दमत नाही.

पुण्याला जायच्या आधी दोन-तीन दिवस राहिले असतील. मी चुलीपुढं भाकरी थापत होते. मालक मागं आले. थाप, थाप, थाप, मी म्हणलं मारू दे, हात पिठाचे आहेत. आणि चौथ्या थापेला आगीसारखं काहीतरी दंडात शिरलं. त्यांनी बोटांच्या बेचक्यात सेफ्टी पिन धरली होती. रक्ताचा थेंब भाकरीच्या पिठात पडला.

"बघ! कळलं का? कळलं का तुला?" ते टाळ्या पिटायचेच बाकी होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तव्यावरचं उलथनं उचललं आणि तसंच तापलेलं त्यांच्या मनगटावर टेकवलं. असे ओरडले की गोठ्यातल्या गायी उठून उभ्या राहिल्या. मी म्हणलं, "आता तुमाला बी सवय लागंल." घरात दोन दिवस कुणी माझ्याशी बोललं नाही. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, लई बरं वाटलं.

पुण्याला मला एकटीला सोडायला ते तयार नव्हते. मनगटाला पट्टी बांधून सोबत आले, आणि दीरही आले, गंमत बघायला. पहाटेच्या एसटीनं निघालो. नगर ओलांडेपर्यंत मी देवाचं नाव घेत होते. त्यानंतर तेही आठवेना. खिडकीबाहेर काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही, फक्त ओकारी येऊ नये म्हणून तोंडात धरलेली लवंग आठवते.

दवाखाना स्वच्छ होता, पंखे चालू होते. रांगेत सगळी शिकलेली माणसं. कुणी कंपनीतर्फे चाललेलं, कुणी वाघ-सिंह बघायला. मालक बाकावर बसून शेजाऱ्याला सांगत होते, "आमची जरा लाथ मारती. पर तयार करून आनलीय." तो माणूस आधी गडबडला, मग हसला. मला ऐकू येत होतं. सगळ्यांनाच येत होतं.

माझं नाव पुकारलं. मी आत गेले. माझ्या पायानं चालत गेले, कुणी ओढलं नाही. खुर्चीत बसले. मनात एकच घोकत होते, लेक वाट बघती, लेक वाट बघती. नर्स चांगली होती बिचारी. म्हणाली, "ताई, तिकडं भिंतीकडं बघा. चिमूटभर दुखेल." मी भिंतीकडं बघितलं. आणि देवाशपथ सांगते, मी घेतली असती. त्या दिवशी मी सुई घेतली असती.

पण तिनं दंडावर हलकेच थोपटलं. जागा बघायला, किंवा मला धीर द्यायला. एकदा, दोनदा.

माझा हात माझ्या ताब्यात राहिलाच नाही. कोपर असं मागं गेलं की तिच्या हनुवटीला लागलं. इंजेक्शन फरशीवर पडलं, सुई वाकडी झाली. मी उभी राहून ओरडत होते, "मारू नका! मारू नका मला!" आणि दारात मालक आणि दीर उभे. दीर हसता हसता भिंतीला टेकले. मालक बाहेरच्या लोकांना म्हणाले, "सांगितलं हुतं का न्हाई? लाथ मारती म्हनून!"

नर्सच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, दुखण्यानं. ती म्हणाली, "डोस वाया घालवलात तुम्ही. आज मोजून माणसं बोलावलीत, शिल्लक नाही." मी तिच्या पाया पडले. खरंच पडले, फरशीवर. म्हणलं, "बाई, माझ्या लेकीचं बाळंतपण हाय, माझे हात बांधा, पर मला सुई द्या." आतून डॉक्टर आले. त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि पुढच्या तारखेला नाव लिहायला सांगितलं. पुढची मिळणारी तारीख पंधरवड्यानंतरची. त्यावर दहा दिवस. मी बोटं मोजली आणि बोटं तिथंच थांबली, कारण लेकीचे दिवस त्याच सुमाराला भरत होते.

परतीच्या एसटीत मालकांनी माझ्यापुढं वडापाव धरला. "खा. आता काय उपाशी मरायचं का?" मी तो खिडकीतून बाहेर टाकला. त्यांना लई वाईट वाटलं, वडापावाचं.

घरी आल्यावर त्यांनी ती गोष्ट बाजारात सांगितली. बाजारातून ती गावोगाव गेली. मी दळण घेऊन गेले तर गिरणीवाला म्हणायचा, "वहिनी, जरा लांबून बोला, हनुवटी संभाळायची हाय." सगळी माणसं हसून घेत होती आणि माझ्या लेकीचा रोज फोन येत होता. "आई, तिकीट बदललं का? आई, कधी निघतीस?" मी सांगायची, निघते गं, निघते. ती नऊ महिन्यांची पोटुशी, तिला काय सांगू की तुझ्या बापानं माझी कालवड केली?

तिला कळायचं ते कळलंच. बापानंच सांगितलं, फोनवर, हसत हसत. त्या दिवसानंतर ती 'कधी निघतीस' विचारायची बंद झाली. "जेवलीस का?" एवढंच विचारायची.

नाव लिहिलेली पुढची तारीख आली तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही. मालक बाजाराला गेले होते. मी लुगडं बदललं, पिशवी घेतली आणि हायवेला येऊन एसटीला हात केला. पुण्यात तीच नर्स होती. तिनं मला ओळखलं, हनुवटीला हात लावला आणि दारावरच्या दोघा माणसांना आत बोलावलं. म्हणाली, "यांना धरा."

मी म्हणलं, "कुनी हात लावायचा न्हाई. बाई, तुमी बी थोपटू नका. सुई माझ्यासमोर धरा, मला बघू द्या, आन् सरळ घाला. मी हलले तर मला पोलिसात द्या."

तिनं सुई धरली. मी जन्मात पहिल्यांदा नीट बघितली. केसाएवढी! मी तिच्याकडं बघतच राहिले आणि ती आत गेली आणि बाहेर आली. मी तोंडानं अशी शिवी दिली की ते दोघं लाजून बाहेर गेले. पण हलले नाही. मुंगी चावली तर याहून जास्त दुखतं. मला सुटका वाटली पाहिजे होती. नाही वाटली. असा संताप आला, असा संताप आला की तिथंच कापूस फेकून दिला. एवढ्यासाठी? एवढ्याशा काडीसाठी मी चाळीस वर्षं ज्वारीत लपले? शिवाजीनगरच्या स्टँडवर बसून मी मोठ्यानं रडले. एक बाई जवळ येऊन विचारत होती, कोण गेलं. मी म्हणलं, "कुनी न्हाई, जा तुमी."

कार्ड हातात आलं, पण दहा दिवस काही केल्या दहाच असतात. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोज काट मारायची. आठवी काट मारली त्या दिवशी दुपारी जावयाचा फोन आला. मुलगी झाली. रक्तदाब वाढला म्हणून वेळेआधी घाईनं पोट फाडून काढावी लागली. दोघी सुखरूप आहेत. मालकांनी शेजारपाजारी जिलबी वाटली, माझ्याही तोंडात कोंबली. म्हणाले, "बघ, तुझ्याबिगर काय अडलं का?"

मी गेले. विमान, ढग, तिकडची लाल माती, ते सगळं नंतर. खारीक, खोबरं, डिंक, अळीव, बाळंतशोपा, सगळं घेऊन गेले. विमानतळावर एका बाईनं माझं कार्ड बघितलंही नाही नीट, नुसतं पुढं जा म्हणाली. घरी पोचले तर लेक पलंगावर बसलेली, बाळ पोटाशी. हसली माझ्याकडं बघून. "आलीस? प्रवास बरा झाला का?" पाहुणीला विचारावं तसं.

मी कंबर कसून कामाला लागले. बाळाला न्हाऊ-माखू घातलं, लेकीला लाडू, खीर, मेथीची भाजी. ती सगळं खायची, बरं आहे म्हणायची. पण लहानपणापासून जी पोर मला चिकटून झोपायची, ती आता माझ्याकडं पाठ करून झोपायची. मी म्हणायची, असू दे, बाळंतीण आहे, दमली आहे. मनात मात्र काटा हलत होता.

तिथं जाऊन आठवडा झाला असेल. मी कोमट तेल घेऊन तिची पाठ चोळत होते. कमरेच्या वर, मणक्यावर हात आला आणि ती एकदम आखडली. "तिथं नको."

"का गं? दुखतं का?"

"तिथं सुई घातली हुती."

तेवढ्यात तिच्या बापाचा व्हिडिओ कॉल आला. तिनं फोन समोर धरला. मालक गोठ्यातच बसलेले, मागं गाय रवंथ करत होती. "काय म्हनती बाळंतीन? आन् काय गं, तुझ्या आईनं तिकडं कुना नर्सला लाथ घातली का न्हाई अजून?"

आणि लेक हसली. खळखळून हसली, मी आल्यापासून पहिल्यांदा. म्हणाली, "न्हाई आबा, हितल्या नर्सा लांब राहत्यात." दोघं बापलेक हसत राहिले. मी तेलाचे हात घेऊन तशीच बसले. फोन बंद झाल्यावर मी म्हणलं, "तू बी हसतीस? तू सुदीक?"

ती म्हणाली, "मग काय करू? रडू?"

"अगं, त्यांनीच केलं ना हे सगळं! थापा मारून मारून माझ्या हाताची ही गत केली. पिन टोचली मला. माझ्या जागी तू असतीस म्हंजे कळलं असतं. माझा काय गुन्हा हाय?"

"गुन्हा न्हाईच म्हनत मी. आबांनी थापा मारल्या. पर हात तुझाच उडाला ना, आई."

ती माझ्याकडं पाठ करूनच होती, पाठीवर माझं तेल चमकत होतं. तशीच सांगू लागली, हळू आवाजात, भाजीचा भाव सांगावा तशी. म्हणाली, यांना कारखान्यातून यायला उशीर झाला. मला टेबलावर बसवलं. पाठ वाकव म्हणाले. मणक्यात सुई घालायची, अजिबात हलायचं नाही, हललीस तर लंगडी होशील, असं काहीतरी त्यांच्या भाषेत. सिस्टर म्हणाली, जी कोण बाई सोबत असेल तिला आत बोलाव, तिला समोरून घट्ट मिठी मार म्हणजे हलणार नाहीस. मी म्हणलं, कुणी नाही. मग तिनं माझ्या हातात एक उशी दिली.

"उशीला मिठी मारून बसले मी," लेक म्हणाली. "मला बी भ्या वाटतं, आई, सुईचं. तुझ्यासारखंच वाटतं. ल्हानपनापास्नं वाटतं. पर तू एवढी घाबरायचीस की मी कधी बोललेच न्हाई."

मला हे ठाऊक नव्हतं. माझ्या पोटची पोर, आणि मला ठाऊक नव्हतं. मी तिच्या केसांवरून हात फिरवायला गेले, तिनं डोकं थोडं बाजूला घेतलं. रागानं नाही. सवय मोडल्यासारखं.

मी बावळटासारखं विचारलं, "लई दुखली का गं सुई?"

"सुई न्हाई दुखली," ती म्हणाली. बाळ उठलं होतं, तिनं कूस बदलली आणि त्याला पाजायला घेतलं.